दिवसाचा कानोसा

सगळे संध्याकाळी घरं बघतात.
लागलेले दिवे, वांगी भाजल्याचा वास,
गॅलरीतून दिसणारी बोटभर समुद्राची पट्टी,
तेवढ्यावर माणूस अनामत मोजून मोकळा होतो.
मला सकाळी अकराची गल्ली बघायची होती.

मी रात्रपाळीची. एर्झुरुमला नऊ वर्षं
अतिदक्षता विभागात दुसऱ्यांचे श्वास मोजले
आणि दिवसा ढाराढूर झोपले.
बर्फ ही फार चांगली शेजारीण असते.
इझमीरला बर्फ पडत नाही.
एक तारखेला तिथल्या इस्पितळात रुजू व्हायचं,
हातात तीन दिवस, आणि आयतेनच्या घरचा सोफा.

आयतेन म्हणाली, कार्शियाका बघ, फेरीबोटीनं जाशील-येशील.
आई फोनवर म्हणाली, वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आधी विचार.
दलाल तुर्गुत म्हणाला, बाई, किल्ली आहे, आत तर चला.
आतलं नंतर, मी म्हटलं. आधी बाहेर बसू द्या.

बसले.
कार्शियाकाच्या पायरीवर: ड्रिल. समोर सात मजले उठतायत.
वर्षभरात संपेल, तुर्गुत म्हणाला,
जणू वर्षभर न झोपणं ही एक सवलत आहे.
गोझ्तेपेला गॅसच्या गाडीची ती टिंगटिंग धून
दर वीस मिनिटांनी,
सिलिंडर काय पावासारखे संपतात?
बुजाला मात्र चिमणीसुद्धा कुजबुजत होती.
पाऊण तास! माझेच डोळे मिटायला लागले.
सहीला पेन काढलं,
तेव्हा चहावाल्या पोरानं सांगितलं,
मागची भिंत शाळेची आहे. सध्या सुट्टी.
मुलं नऊशे.
तुर्गुत स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी उतारावरची एक गल्ली.
शिरता शिरताच मनात फुली मारली:
एक बाई गालिचा झोडपतेय,
भंगारवाला हातगाडीवरचं फ्रीजचं दार बडवत येतोय,
दोन म्हातारे फाशांवरून भांडतायत,
आणि पोपट, खरंच पोपट,
कुणाच्या तरी सुनेची नक्कल करतोय.
झोपेचं खोबरं,
तेही सबंध गल्लीला वाटता येईल एवढं.
पण पाय दुखत होते. बसले.
सवयीनं डोळे मिटले.

आधी गालिचा थांबला.
मग फासे.
हातगाडी जवळ आली, पण हाळी नाही,
नुसतं चाक,
पाहुण्यानं चपला हातात घेऊन जावं तसं
पुढे गेलं.
कुणीतरी म्हणालं, शू.
कुणीतरी त्याहून मोठ्यानं, शू काय करतोस, उठेल ना ती!
मग गुडघ्यांवर काहीतरी मऊ आलं,
लिंबाच्या कोलोनचा वास असलेलं.

मी जागी होते.
हे कबूल करायला हवं. टक्क जागी होते,
आणि आणखी दहा मिनिटं सोंग घेतलं.
वॉर्डात असं सोंग मी लांबून ओळखते,
पापण्या थरथरतात.
माझ्याही थरथरल्या असणार.
कुणी बोललं नाही.

डोळे उघडले तर समोर मुअज्जेझ हानम,
पोपटाच्या पिंजऱ्यावर तिचा एप्रन.
"कुठली पाळी?" तिनं विचारलं.
तिचा नवरा पावाच्या भट्टीवर होता, रात्री.
"होता" म्हणताना तिचा आवाज
अजूनही हळूच निघतो, भर दुपारीसुद्धा.

घर आतून फारसं बरं नाही.
नळ गळतो. भाडं बुजापेक्षा अकराशे लिरा जास्त.
झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला,
म्हणजे मी आणि सूर्य एकदमच घरी येणार.
पडद्याचं माप घ्यायला टेप नव्हती.
तीच शाल खिडकीवर धरून पाहिली.
वीतभर कमी पडली.