पाचर

वालपाराइसोच्या टेकडीवर एकशे बारा पायऱ्या चढून
मी दोन्या एदुविहिसच्या दाराशी पोचले, धापा टाकत.
खांद्याच्या पिशवीत एक फोन,
फोनात चौदा टेबलं.

साहेबांचं म्हणणं साधं होतं:
गिऱ्हाइकानं फोन खोलीभर फिरवावा, बास.
जमीन कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते,
उजेड कुठल्या अंगाने येतो आणि किती मिणमिणता,
हे प्रोग्राम आपलं आपण ओळखेल,
आणि नसलेलं टेबल असं आणून ठेवेल
की माणूस त्याला वळसा घालून जाईल.

त्यासाठी त्याला आम्ही खोल्या दाखवल्या होत्या.
हजारो. सान्तियागोच्या नव्या इमारतींतल्या,
ओळंब्यात उभ्या, पाणसळीत आडव्या.
बशीवर कप, खुर्चीशेजारी दिवा, सोफ्यासमोर गालिचा,
शहाण्या मुलासारखं त्याने सगळं पाठ केलं होतं.

दोन्या एदुविहिसचं घर मात्र
मागच्याच्या मागच्या भूकंपापासून समुद्राकडे कललेलं.
तव्यात तेल एकाच काठाला जमतं,
म्हणून अंडं तळताना ती तवा फिरवत राहते.
नातवाची गोटी कुठेही सोडा,
न्हाणीच्या उंबऱ्याशीच सापडते.
पडदा भिंतीपासून चार बोटं सुटून लोंबतो.
(खरं तर पडदा सरळ असतो, सुटलेली असते ती भिंत.)

मी टेबल ठेवलं.
अक्रोडाच्या लाकडाचं, दोन माणसांपुरतं.
सावली अचूक, खिडकीतल्या धुक्याला शोभेल इतकी फिकट.
खऱ्या शेगडीमागे त्याचा एक पाय बरोबर झाकला गेला.
मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तिने चष्मा पुसला, फोन हातात घेतला,
बराच वेळ बघितलं.
"सुंदर आहे. पण घरचं नाही, पाहुणं आहे."
म्हणजे?
"समुद्राकडचा पाय बघ. जमिनीला टेकलेलाच नाही.
आणि तरी डुगडुगत नाही!"

मग गुडघ्यांवर हात ठेवत ती खाली बसली,
चहाच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं,
घडी केली, घडीवर घडी,
आणि त्या बोटभर फटीत,
वर काहीच नसलेल्या जागी,
ती पाचर अंगठ्याने दाबून सारली.

टेबल दचकलं.
प्रोग्रामने पुठ्ठ्याला अडगळ ठरवलं
आणि टेबल वीतभर बाजूला घेतलं,
बाकावर अनोळखी माणूस येऊन टेकला की
आपण अंग चोरतो तसं.
तिने पुठ्ठाही सरकवला. टेबल पुन्हा हललं.
पुन्हा पुठ्ठा.
चहा गार होईतो त्यांचं हे चाललं होतं.
मी मध्ये पडले नाही.

ऑफिसात आल्यावर तीन आठवडे खपून
मी प्रोग्रामला उतार शिकवला.
दोन अंश. अडीच.
जमीन कललेली दिसली की एका पायाखाली
आपोआप काढायचा घडीचा पुठ्ठा,
करडा, कडेला अर्धवट छापील अक्षरं,
त्याची सावलीसुद्धा, केसाएवढी.
साहेब म्हणाले, काढ ते.
गिऱ्हाइकाला वाटेल आपलंच टेबल लंगडं.
त्यांचंही काही चूक नव्हतं. मी काढलं.
टेबल पुन्हा तीन पायांवर, निर्धास्त.

जूनमध्ये फोन केला तिला, तब्येत विचारायला.
तिकडे वारा होता, छपराचा पत्रा वाजत होता,
अर्धं बोलणं ऐकूच येईना.
सहज विचारलं, तो पुठ्ठा टाकला असशील एव्हाना?
नाही गं, म्हणाली. झाडू मारते त्याच्या कडेकडेने.
आणि मग, लहान मुलीला समजावल्यासारखं:
काढला तर पडेल ना ते टेबल.