आठ चौकोन

दर सप्टेंबरात मी एका कागदावर आठ चौकोन आखते.
चार वर्षं, वर्षाची दोन सत्रं.
पट्टी लाकडी, पेन्सिल मऊ. पेननं लिहायचं नाही,
एवढं ॲबर्डीनच्या या खात्यात मी सव्वीस वर्षांत शिकले.
भौतिकशास्त्र मला येत नाही.
येतं ते फक्त कशाच्या आधी काय:
पुंजयामिकीच्या आधी रेषीय बीजगणित,
त्याच्या आधी साधं कलन,
आणि सगळ्याच्या आधी फी.

ऑस्ला आयझबिस्टर शेटलंडहून रात्रीच्या बोटीनं आली,
चौदा तास, त्यातले नऊ ओकण्यात गेलेले.
कोट न काढताच खुर्चीत टेकली.
"तारेचा विषय कितव्या वर्षी असतो?"
कसली तार?
"कुंपणाची. आमच्या मेंढवाड्यामागची.
वारा सुटला की वाजते. रोज वेगळी."
मी यादी चाळली.
तारे होते, चांगले दोन सत्रं पुरतील इतके.
तार नव्हती.

म्हणून आम्ही शेवटाकडून निघालो.
पाचव्या चौकोनात प्रवाहांचं गतिशास्त्र, ऐच्छिक.
त्याला सदिश कलन लागतं, ते चौथ्यात.
त्याला तिसऱ्यातलं काही, त्याला दुसऱ्यातलं,
असं उसवत उसवत
पहिल्या सोमवारी सकाळी नऊच्या तासाला येऊन पोचलो.
मग तिनं मे महिन्यावर बोट ठेवलं.
"इथे कोकरं."
इथे परीक्षा, मी म्हटलं.
"हे मेंढ्यांना कोण सांगणार?"

योजना म्हणजे काय ते मला विचारा.
दुसऱ्या वर्षी ती आजोबांच्या मातीला गेली,
परतीची बोट वादळानं तीन दिवस सुटली नाही,
उष्मागतिकीचा पेपर ऑगस्टावर गेला.
प्रकाशशास्त्र शिकवणारे निवृत्त झाले
आणि विषय वर्षाआड झाला.
खोडून खोडून कागद इतका विरला
की पाचव्या चौकोनातून टेबल दिसायचं.

आणि नेमकी त्यावरच गदा आली.
सहा विद्यार्थी नसतील तर ऐच्छिक विषय रद्द, असा नियम.
नियम मीच टाइप केलेला, तेरा वर्षांपूर्वी.
नावं पाच.
यादी शुक्रवारी चार वाजता बंद होते.
पावणेचारला मी सहावं नाव लिहिलं, माझं.
पेननं.

डॉक्टर बकन यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"तुमचं आधीचं गणित?"
तुमचं वेळापत्रक लावते, तेच.
त्यांनी सही केली, जरा वाकडी.

मंगळवारी आणि गुरुवारी मी मागच्या बाकावर.
काय कळलं म्हणाल तर खडूचा वास.
आठव्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक गोल काढला,
हा गोल म्हणजे काठीचा छेद, म्हणाले, आणि हा वारा.
काठीमागे भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून,
कुणी घाईनं चालत गेल्यासारखे.
त्यांचाच सूर ऐकू येतो:
वाऱ्याचा वेग भागिले जाडी, गुणिले एक लहानसा आकडा.
ऑस्लानं हात वर केला नाही, नुसती बोलली,
"आणि ताण?"
ताणाचा काही संबंध नाही, ते म्हणाले.

"बाबा दर शरदात तार आवळतात.
मला सांगायचे, सूर लावतोय."

कुणी हसलं नाही.
ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली,
हे घरी कसं सांगायचं
ते कितव्या सत्रात शिकवतात, हे शोधत असल्यासारखी.

मला शंभरापैकी बावीस मिळाले.
निकालाच्या दिवशी आम्ही उरलेले तीन चौकोन
नव्या कागदावर आखले.
मे महिना तिनं कोरा ठेवायला सांगितला.