जागा

आमच्या इद्रियात पाऱ्याची खाण होती.
ती बंद झाली. आता गावात पारा चढतो तो माझाच,
तोही बहुधा फोनवर.

सासूनं काढलेले लेसचे नमुने, चारशे बारा,
पिवळ्या पडलेल्या ट्रेसिंग कागदावर पेन्सिलीनं,
मध्येच कॉफीचा डाग, मध्येच खाणीच्या पगाराचा हिशेब.
भाची म्हणाली, झाल्का आत्या, वेबसाइट कर,
कागद मरतात.
वेबसाइटला म्हणे जागा लागते, भाड्याची,
कुणाच्या तरी थंडगार खोलीतल्या यंत्रावर.
मी म्हटलं, जन्मभर भाड्यानं राहिले,
घरमालक कसा पारखायचा ते मला शिकवू नकोस.

पहिल्यानं नावाआधी कार्डाचा नंबर विचारला.
"अमर्याद," म्हणाला. सगळंच अमर्याद:
जागा, वेग, येणारी-जाणारी माणसं.
बत्तीस जोड्या बॉबिनांवर डोळे घालवलेल्या बाईला
अमर्याद म्हणू नये.
दोरा संपतो.
संपतो म्हणून तर गाठ कुठं मारायची ते कळतं.

दुसरी गोड. इतकी, की नंतर कान धुवावेसे वाटले.
पाऊण तास इतर कंपन्यांची उणीदुणी.
विचारलं, यंत्र बंद पडलं तर?
"पडत नाही, मॅडम."
पण पडलं तर?
"पडतच नाही, मॅडम."
मागं कुणीतरी घंटा वाजवली, टाळ्या पडल्या.
गिऱ्हाईक गळाला लागलं की वाजवतात म्हणे.
मी फोन ठेवला, हळूच,
झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा.

तिसरा मारिबोरचा. बोगदान ह्वाला.
आमच्या भाषेत ह्वाला म्हणजे आभार.
"आभार बोलतोय" म्हटल्यावर मला हसू फुटलं.
त्याला सवय असावी. संपेपर्यंत थांबला.
मग: चित्रं किती? केवढी? रोज किती जण बघतील?
हजारो, मी म्हटलं.
तो गप्प.
"सुरुवातीला वीस धरू."

चढला पारा. खोटं कशाला बोलू.
उतरलाही, कारण तो पुढं म्हणाला,
"मोठा प्लॅन घेऊ नका, सगळ्यात लहान पुरे.
रविवारी पहाटे तीनला दुरुस्ती असते,
अर्धा तास साइट दिसणार नाही.
बॅकअप चौदा दिवसांचा. एक प्रत घरी ठेवा,
सगळी भिस्त आमच्यावर नको."
एका प्रश्नावर म्हणाला, "माहीत नाही. विचारून सांगतो, गुरुवारी दहाला."
गुरुवारी मी पावणेदहापासून फोनपाशी,
चूक पकडायची म्हणून.
दहाला वाजला.

भाची चिडली. विकणारा विकून मोकळा होतो, आत्या,
यंत्र बघ, वेग मोज, तक्ते वाच.
तिचं खरं असेल. पण यंत्र मला कुठं दिसतंय?
मला ताण कळतो. दोरा कुणी ओढून धरलाय,
कुणी सैल सोडलाय, ते ऐकूनही कळतं.
जागा देणारे ढीगभर.
शब्दाला जागणारा एक निघाला, त्याला पैसे भरले.

दुसऱ्या हिवाळ्यात खुबा मोडला.
ल्युब्ल्यानाच्या इस्पितळात सहा आठवडे;
कार्डाची मुदत संपली, बिल थकलं,
पत्रं आली असतील, माझ्या रिकाम्या घरी.
ह्वालानं केव्हाच नोकरी सोडलेली,
तोल्मीनकडं भावाबरोबर मासे पाळतो आता.
फोन आला तो नेया नावाच्या मुलीचा,
भाचीला शोधून, तिच्याकडून वॉर्डात.
"तुमचं खातं आज पुसायचं होतं.
पण आधीच्या माणसाची एक टीप आहे त्यावर. वाचू?
'पुसण्याआधी फोन करा.
घरी प्रत ठेवली आहे असं सांगतील.
ठेवलेली नसेल.'"

ठेवलेली नव्हती.

आता ठेवली आहे, पिठाच्या डब्यामागं.
काल साइटवर सतरा जण येऊन गेले.
वीस धरले होते.