ताटाच्या कडेला

फोंडूचं नाक गेलं, त्याला दीड वर्ष झालं.
म्हणजे नाक आहे जागेवर, नथ शोभेल असं,
फक्त वास गेला, आणि वासामागून चव,
भाडेकरूच्या मागून त्याची मांजर जावी तशी.
येईल, म्हणाले डॉक्टर. कधी, ते नाही म्हणाले.

तरी फोन त्यानेच केला: शनिवारी पणजी.
पूर्वीसारखंच, सकाळपासून.
तुम्ही खा, मला सांगा.

पातळभाजी आली, बन आले.
मिलाग्रिस म्हणाला, भाजी तिखट, बन गोड.
ते मलाही पाठ आहे रे, फोंडू म्हणाला,
आजचं सांग.
आजचं?
मग सुलक्षाने डोळे बारीक केले:
वाटाणा एक शिटी कमी, नारळ सकाळचाच,
बनात केळं जास्त पडलंय,
आचाऱ्याचं घरी भांडण झालेलं असणार.
तीस वर्षं हीच भाजी खातोय मी.
मला यातलं काहीच लागलं नव्हतं.

मळ्यात हिंडलो. निळी भिंत, पिवळी भिंत,
तांबड्या भिंतीपुढे एक जोडपं फोटोसाठी
तिसऱ्यांदा एकमेकांकडे पाहत होतं,
आणि गंजीफ्रॉकातले गृहस्थ आपल्याच दारात
वाट मिळायची वाट बघत उभे.
पुढे बेकरी.
तिच्या दाराशी आम्ही तिघं थबकलो,
न ठरवता, वेसण ओढल्यागत.
फोंडू बोलत बोलत चार पावलं पुढे गेला.
बाजूला कुणी नाही हे कळल्यावर वळला,
आमच्या तोंडांकडे बघून म्हणाला,
पोई?

चर्चच्या पायऱ्या चढलो, उतरलो,
भूक लागावी एवढ्याचसाठी.

मार्केटमागच्या खानावळीत चार ताटं.
उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं हुमण.
किसमूर कुरकुरतं, तेवढं त्याला कळतं.
सोलकढी गार, तेवढं कळतं.
बाकी सगळी आमची बडबड.
हुमणातली तिरफळं कोण खातं?
आपापल्या ताटाच्या कडेला काढलेली,
काळपट, तोंड वासून पडलेली.
बोलण्याच्या नादात त्याने एक चावलं.

थांबला.
हात ताटातच, डोळे मिटलेले.
काटा? म्हणून सुलक्षाने भाताचा गोळा पुढे केला.
नाही, अशी मान.
मग जीभ बाहेर काढून चारचौघांत
बोटाने चाचपली त्याने, पोरासारखी.
मुंग्या, म्हणाला.
मुंग्या आल्या गो जिभेला.

आणि न विचारता माझ्या कडेची तिरफळं उचलली,
मिलाग्रिसची, सुलक्षाची,
शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाने
आपलंही ताट सरकवलं,
काय चाललंय ते न कळता.
फोंडूच्या डोळ्यांना पाणी आलं. तिरफळाने येतंच.
आम्ही ते तेवढ्यावरच ठेवलं.

संध्याकाळी सेरादुरा. म्हणजे लाकडाचा भुसा,
पोर्तुगीजमध्ये, असं मिलाग्रिसने सांगितलं.
फोंडूने चमचाभर तोंडात धरला:
नाव ठेवणारा माझ्याच जातीचा दिसतो.
आणि इतका हसला की भुसा नाकात गेला,
जिथे त्याला कुणी विचारणार नव्हतं.

मग फेरीबोट. चालत येणाऱ्याला तिकीट नाही,
म्हणून उगाच बेतीला जायचं, उगाच परत यायचं,
ही आमची कॉलेजातली चैन.
कॅसिनोच्या बोटी एकेक पेटत होत्या.
डिझेलचा धूर, कुणाच्या टोपलीत सुकी सुंगटं,
पुढच्या बाईच्या केसांत अबोलीचा वळेसर.
वास कसा आहे गजऱ्याला? फोंडूने विचारलं.
अबोलीला वास नसतो रे, मी म्हटलं.
ठाऊक आहे.
दिवसभर खरं सांगत होतात की काय, ते बघितलं.

नंतर खिशातून बिलाच्या कागदाची पुडी काढली,
त्यातलं शेवटचं तिरफळ सवयीने नाकाशी नेलं.
आम्ही तिघं नदीकडे बघत राहिलो,
पलीकडचा धक्का अजून जरा लांब होता.