चौथा सड

शब्द जुना, रोमच्या बाजारातला: रेडहिबिशन.
कसबा बावड्याच्या कोर्टात, तडजोडीच्या खोलीत
मी तो मोठ्यानं वाचला
तर बाकावरचे जिन्नाप्पा मगदूम दचकले,
"रेडा न्हवं वकीलबाई, म्हस हाय. मुऱ्हा."

हसू आवरून मी फोड करून सांगितली:
'रे' म्हणजे माघारी, 'हाबेरे' म्हणजे जवळ असणं.
विकणाऱ्याला म्हणायचं, घे बाबा,
तुझं तुझ्यापाशी पुन्हा असू दे.
तिकडं माणसंही विकत.
सांगावं लागे, हा पळून जातो, हिला दुखणं आहे.
लपवलंत, तर सहा महिन्यांत सौदा फिरे.

आपल्याकडं झाडाचं ते खोड
आणि जनावराची ती खोड.
माणसाची तर जित्याची.

वडगावच्या बाजारात टॉवेलाखाली
एक लाख दहा हजारांना ठरली म्हैस.
दोन वेळा न पिळता, कास तुंबवून आणलेली.
गंगावेशीत कट्ट्यावर, पहाटे,
गिऱ्हाईक पेला धरून उभं
आणि चौथ्या सडातून वारासुद्धा नाही.
अक्काताई चौगुलेनं चार दिवस कढत पाण्यानं शेकलं.
पाचव्या दिवशी माझी पायरी चढली.
कायदा म्हणतो, घेणाऱ्यानं बघून घ्यावं.
टॉवेलाखाली काय बघणार?

मी अर्ज लिहिला: म्हैस परत घ्यावी,
रक्कम परत द्यावी, वैरणीचा खर्च वेगळा.
अक्काताई सही करेना.

"माघारी न्हाई धाडायची तिला."

का, म्हटलं.

"मला आणून सोडलं हुतं की, तिसऱ्या वर्साला.
वडणग्याच्या फाट्यावर, ट्रंकेसकट.
म्हनले, हिच्यात खोट हाय.
बापानं काय इचारलं न्हाई. कडी काढली."

पंख्याचा खडखडाट. मगदूम चपलेकडं बघत राहिले.

"पैसं कमी करून घ्या.
तीन सडांचं काय हुईल ते."

रोमकडं यालाही शब्द होता.
मी तो काढला नाही.

मगदुमांनी खांद्यावरचा टॉवेल उतरवला
आणि थांबले. बाजारात
टॉवेलाखाली हात तिच्या भावाचा होता.
इथं तिनं स्वतःचा पुढं केला,
शेणानं चिरलेला, काकणं मागं सारून.

कापड हललं. एकदा. बराच वेळ थांबून पुन्हा एकदा.
आकडा मला कळला नाही.
अर्जातली ती जागा
मी पेन उघडं ठेवून कोरी धरली.