कितव्या पायरीला

रावपुऱ्यात, सायकलच्या दुकानावरच्या माडीत
आमचं खातं. दारावर पाटी नव्हती.
साहेबांचं आडनाव गुप्ते; त्यावर हसायला बंदी.

वाफेची किटली, कात्री, ब्रश,
आणि काळी शाई, जी लग्नात
मेंदीखालूनही नखांत दिसली.
गावाचं नाव: काळं. जहाज: काळं.
वाळू, खजूर, समुद्राचा रंग,
कळेल ना कुठं आहे तो. काळं.
आकडा दिसला की थांबायचं.
आकडा कधी एकटा येत नाही, साहेब म्हणत.

नाईक रखमाजी शितोळे. दर पत्राच्या शेवटी:
'सुरसागरचं पाणी सातव्या पायरीला टेकलं का?'
पुढच्या पत्रात चौथ्या. मग अकराव्या.
मी वही घातली. एका रकान्यात पायऱ्या,
दुसऱ्यात टपालाच्या तारखा.
सात म्हणजे पलटण? चार म्हणजे आठवडे?
क ख ग पासून मोजलं तर अकरावं अक्षर ट.
ट वरून एक बंदर होतं नकाशात.
साहेब म्हणाले, शाब्बास.
तेव्हापासून त्याच्या पायऱ्या मी बुडवल्या.

संध्याकाळी वाडीत, घरी पोचते तोच
तान्हूबाई शितोळे पदराखालून तेच पत्र काढायची.
गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटी.
'दिवसभर कुठं असतीस गं?'
'हिशेबखात्यात.'
माझ्याच काळ्या पट्टीपाशी मी अडखळायचे.
ती कागद चिमणीसमोर धरायची. 'हितं काय आसंल?'
'शाई सांडली असेल.'
'बरं. लिही, आठव्या पायरीला हाय.'
मी लिहायचे.
सकाळी माझंच अक्षर माझ्या टेबलावर.
आठ: काळं.

श्रावणात एकदा उशीर झाला.
सुरसागरच्या काठी कुणी लुगडं आवरून उतरत होतं,
वरून मोजत, मोठ्यानं, पोरांच्या पाढ्यासारखं.
घोट्याला पाणी लागलं तशी थांबली.
परत वर चढली, पुन्हा पहिलीपासून मोजलं.
चूक नको.

वही मी बंबात घातली.
साहेबांना काय सांगायचं? की संकेत फुटला,
आणि आत पाणी निघालं, नुसतं पाणी?

दुसऱ्या दिवशी तिच्या उत्तरावर ब्रश फिरवला.
नियम तो नियम.
फक्त दौतीत थोडं पाणी जास्त पडलं होतं.
तिकडं ऊन फार, म्हणतात.
कागद त्यानं उन्हासमोर धरला की नाही,
ते कुठल्याच रकान्यात नाही.