दोन शब्दांत

ओस्त्रावा. सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर.
खिडकीबाहेर ठेवलेल्या दुधावर दुपारपर्यंत काजळी.
मामानं हॅम्बुर्गहून कोटाच्या अस्तरात लपवून आणलेलं
रबरी बटणांचं यंत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर,
आणि दारात पाचव्या मजल्यावरचा ओल्द्रिख,
हातात कॅसेट, मानेपर्यंत लाल.
"बहिणीला दे. खेळ आहे. मीच लिहिलाय."

बहीण दिवसभर टपालावर शिक्के मारून आलेली,
पाय गरम पाण्यात.
"तूच खेळ," म्हणाली, "नि त्याला सांग, छान होता."

कॅसेट सहा मिनिटं किंचाळायची.
स्क्रू-ड्रायव्हरनं हेड जरासं वाकडं केलं
की मग कुठे अक्षरं उमटायची:

*तू आठ नंबरच्या इमारतीसमोर आहेस.*
*पूर्वेला ट्रामचा थांबा. वर, फार वर, द्राहोमिरा.*
*तुझ्याजवळ: एक तिकीट, अर्धा धीर.*

त्या यंत्राला दीर्घ ई ठाऊक नव्हती,
म्हणून बहिणीचं नाव सगळीकडे ऱ्हस्व.
आणि दोन शब्दांच्या पुढचं ते ऐकूनच घ्यायचं नाही.
दार उघड. जिना चढ. कुत्रा गोंजार.
मी गणिताच्या वहीत नकाशा काढला:
तळघरात बटाट्यांच्या पोत्यामागे गच्चीची किल्ली,
तिसऱ्या मजल्यावर श्वेस्तकोवाबाई,
साखर दिल्याशिवाय वाट न सोडणारी.
खरी श्वेस्तकोवाबाईही तशीच होती.

गच्चीवर मात्र चार दिवस अडकलो.
*ती कठड्याशी उभी आहे. वारा. अँटेना.*
फूल दे.
*ती फूल खिशात ठेवते.*
गाणं म्हण.
*नको. शेजारी झोपलेत.*
स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं, टाइप केलं:
मुका घे.
*एवढी घाई?*

शुक्रवारी आईनं जेवायला हाक मारली.
मी तिला ओरडून सांगितलं तेच बोटांनी टाइप झालं:
जरा थांब.
*थांबलास. ती वळते.*
जरा थांब.
*ती तुझ्याकडे बघते.*
जरा थांब.
सूप निवत होतं.
*रविवार, चार वाजता. खरी गच्ची. मी असेन.*

मी दहा वर्षांचा. मी जिंकलो होतो.
जिंकणाऱ्याचं बक्षीस जिंकणाऱ्यालाच मिळतं,
याच्यापलीकडे माझी अक्कल गेली नाही.

रविवारी तळघरात उतरलो. पोत्यामागे किल्ली नव्हती.
गच्चीचं दार ढकललं, तर उघडंच.
ओल्द्रिख. इस्त्रीचा शर्ट, थंडीनं निळी बोटं,
खिशातून डोकावणारा वेफर्सचा पुडा.
त्यानं माझ्यामागे पाहिलं.
मग पुन्हा माझ्यामागे पाहिलं.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
"किती चालींत?"
"एकशे बारा."
"चौऱ्याण्णवात होतो," तो म्हणाला.
वेफर्स आम्ही अर्धे अर्धे खाल्ले.
भट्टीची राख ओततात त्या बाजूला आकाश तांबडं झालं.
खाली येताना त्यानं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

वसंतात तो सैन्यात गेला. परत आला तो दुसऱ्याच गावी.
बहिणीचं लग्न झालं, मोडलं, पुन्हा झालं.
मी बोललो नाही. आधी लाजेनं,
मग लाज कशाची होती ते विसरल्यामुळे.

परवा नाताळात ती आली.
माशाचे काटे काढून झाले, दारू थोडी जास्त झाली,
आणि मी लॅपटॉपवर तो खेळ लावून दिला.
आता किंचाळी नाही, वाट बघणं नाही.
तिनं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.
एका बोटानं, टपालखात्याच्या सावकाशीनं लिहिलं:
ओल्द्रिख, तू हे मला तोंडानं का नाही सांगितलंस

*फक्त दोन शब्दांत सांग.*

ती हसली नाही, रडलीही नाही.
पडद्यावर बोट टेकवून म्हणाली,
"हे बघ, माझ्या नावातला मी आखूड केलाय यानं."
मग विचारलं, सॅलडमध्ये मीठ घातलंयस का.